थंडर लॅपच्या घाटातला कठडा

मंगल,

सध्या तुझ्याबद्दल सगळे इतकं गोड बोलतायत की मला संशय यायला लागलाय.

आपल्या ‘थंडर लॅप’ गेमच्या फोरमवर परवापर्यंत तुला ‘कंपनीचं माणूस’ म्हणणारी मंडळी आता तुझ्या नावाआधी ‘आपली’ लावतायत. पुण्याहून तुझ्या ऑफिसातला एक चष्मेवाला सहकारी दहाव्याला आला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडमनी कधी कुणाला दुखावलं नाही.” मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरेना. मला एकट्यालाच तू इतकं दुखावलंयस की त्याला विचारावंसं वाटलं, बाबा, तू नक्की मंगलच्याच घरी आलायस ना?

म्हणून हे लिहितोय. तुझ्याबद्दल लिहायला बरेच जण बसलेत. मला तुझ्याशी बोलायचंय.

तू एकलहऱ्याला आत्याकडे राहायला आलीस तेव्हा आपण अकरावीत होतो. मखमलाबादच्या तुमच्या मळ्यात झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर, आणि घरात माणसं इतकी की अभ्यासाला कोपरा मिळेना. म्हणून तुला वीजकेंद्राच्या कॉलनीत धाडलेलं. आत्याचे यजमान आणि माझे बाबा एकाच पाळीला जायचे. कॉलनीत एकच चैन होती, दिवे जात नसत. आणि आमच्या घरी एक कॉम्प्युटर आला होता, माझ्या अभ्यासासाठी. त्यावर अभ्यास कुणीच केला नाही.

आत्याने पूजेची फुलं देऊन तुला आमच्याकडे पाठवलं. मी ‘थंडर लॅप’चा पहिला भाग खेळत होतो. गाडी घाटातल्या दुसऱ्या वळणावरून दरीत गेली. मागून आवाज आला, “ब्रेक उशिरा दाबलास.” तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नाव नाही, गाव नाही, थेट चूक काढलीस. मी चिडून म्हणालो, “तू बस मग.” तू फुलांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस, बसलीस आणि पहिल्याच वळणावर दरीत गेलीस. मी हसलो. तू परत सुरू केलंस, परत पडलीस. आत्या शोधत आली तोवर फुलं माझ्या मांडीवर कोमेजली होती आणि तू तिसरं वळण ओलांडलं होतंस.

ज्यांनी तो पहिला भाग खेळला नाही, त्यांना त्या घाटाचं वेड कळणार नाही. शहरातल्या शर्यती त्यात होत्याच, त्या सगळ्याच गेममध्ये असतात. पण शेवटचा टप्पा डोंगरातला होता. अरुंद रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीच्या बाजूला काहीच नाही. चाक घसरलं की स्क्रीन काळी, खाली कुठेतरी धप्प आवाज, आणि शर्यत संपली. पुन्हा पहिल्यापासून. आमचा कॉम्प्युटर इतका मंद होता की परत सुरू होईपर्यंत आई चहा टाकून घेऊन यायची. त्यामुळे पडायची खरीखुरी भीती वाटायची. वळण जवळ आलं की तू श्वास रोखायचीस, मला ऐकू यायचं.

मग आपण खरा घाट बघायला गेलो. त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे जाणारा रस्ता. तुझ्या भावाची स्कूटर होती, आणि तू चालवत होतीस, कारण मला येत नव्हती. हरसूलचा बाजार होता त्या दिवशी. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चढ चढत होत्या आणि आपल्याकडे बघून हसत होत्या. एका वळणावर, आंब्याच्या झाडापाशी, तू थांबवलंस. वळणाला कठडा नव्हता. मी उसन्या आणलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढत सुटलो, “अगदी तसंच आहे गं, अगदी तसंच!” तू कडेला बसून खाली बघत होतीस. “तसंच नाय,” म्हणालीस. “इथं परत सुरू करता येत नाय.” तुला तेव्हा काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. मला फोटो काढायचे होते.

दुसरा भाग आला, बरा होता. तिसरा आला आणि माझा संशय सुरू झाला. खोक्यावर लिहिलं होतं, ‘चाहत्यांच्या मागणीनुसार’. आत पोलिसांचा पाठलाग, रंगीबेरंगी दिवे, आणि डोंगराचा टप्पा गायब. मी तुला म्हणालो, “आपण चाहते आहोत ना? मग ही मागणी कुणी केली?” तू म्हणालीस, “असतील दुसरे कोण.” मला हे दुसरे लोक कधी भेटले नाहीत. अजूनही माझा विश्वास नाही की ते होते.

तू पुण्याला ॲनिमेशनच्या कोर्सला गेलीस. मी नाशिकरोडला सायबर कॅफे काढला आणि त्यातल्या एका कॉम्प्युटरवरून फोरम सुरू केला. नाव ठेवलं ‘घाटवाले’. देवळालीचा कपिल पहिला सभासद. मग सांगली, इंदूर, पार ब्राझीलपर्यंतची माणसं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही सगळे एकच मागत होतो, घाट परत द्या. चौथ्या भागात अख्खं शहर आलं, कुठेही फिरा, हव्या त्या रंगाची गाडी घ्या. कपिल म्हणाला, “हे लग्नाच्या वरातीसाठी बनवलंय.” तू वाचत होतीस सगळं. दुसऱ्या नावाने लिहायचीसही. मला तुझी भाषा ओळखू यायची, कारण तू एकटीच आमची बाजू मांडता मांडता आम्हाला प्रश्न विचारायचीस.

आणि मग तुला त्या पुण्याच्या स्टुडिओत नोकरी लागली, जिथे परदेशातल्या कंपनीसाठी ‘थंडर लॅप’चे रस्ते बनवायचं काम येत होतं. आपल्या फोरमवर दिवाळी झाली. आपलं माणूस आत गेलं! मला मात्र धाकधूक वाटली. आत गेलेलं माणूस आपलं राहतं का? तू लिहिणं बंद केलंस. फोनवर गेमचा विषय निघाला की “आत्या कशीय रे?” असं विचारायचीस. मी मनात म्हणायचो, बघा, सुरू झालं.

पाचव्या भागाची जाहिरात आली तेव्हा कॅफेत आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती कोंडाळं करून उभे होतो. ‘घाट परत येतोय.’ कपिल ओरडला. पोरं नाचली. मी नाही ओरडलो. स्क्रीनवर एक वळण होतं, बाहेरच्या बाजूला झाड, आतल्या बाजूला पाझरणारा कातळ. झाडाला पानं कुठल्याशा परदेशी झाडाची होती. पण वळण हरसूलचं होतं. आपलं.

दसऱ्याला तू मखमलाबादला आलीस. दसऱ्याला तुमच्या घरी कुणाला सुट्टी नसते, झेंडूच झेंडू. अंगणात ढिगासमोर बसून तू आणि तुझ्या सुनंदावहिनी फुलं निवडत होतात. मी आलो तो भांडायच्या तयारीनेच.

“ते वळण आपलं आहे,” मी म्हणालो.

“कुठलं वळण?”

“नाटक करू नकोस. मी काढलेले फोटो दाखवलेस तू त्यांना.”

“वळण काय आपल्या बापाचं होतं का, पश्या?”

“आपलं होतं. तू विकलंस.”

तू वर बघितलंस. “काय दाखवलं न काय नाय, ते मला बोलता येत नाही. सही केलीय मी.”

“सोयीची सही आहे.”

सुनंदावहिनींनी एक टोपली माझ्यापुढे सरकवली. “भांडायचं तं भांडा भाऊ, पण हात चालू ठेवा. संध्याकाळी गाडी भरायची हाय.” मग आपण भांडत भांडत फुलं निवडली. तू म्हणालीस, “तुला गेम नको, तुला तुझी अकरावी पाहिजे.” मी म्हणालो, “आणि तुला पगार पाहिजे.” तू माझी टोपली तपासलीस आणि चिरडलेली फुलं बाजूला काढलीस. एवढंच.

पाचवा भाग आला. वळण होतं, कातळ होता, झाड होतं. आणि दरीच्या बाजूने, पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत, लोखंडी कठडा. पडायची सोयच नव्हती. गाडी कठड्याला घासायची, ठिणग्या उडायच्या आणि पुढे चालू. मी तीन दिवसांत गेम काढून टाकला. फोरमवर तर आग लागली. कुणीतरी तुझं नाव शोधून काढलं, गेमच्या शेवटी येणाऱ्या यादीतून. मग तुला काय काय बोलले ते तुला माहीत आहे. मी आवरत होतो आणि आतून मलाही तेच वाटत होतं.

पण हळूहळू मी माझ्यापुरती एक गोष्ट जुळवली. कठडा तू घातलेला नाहीस. वरून हुकूम आला. तू विरोध केलास, तुझं चाललं नाही, आणि सही केल्यामुळे तुला सांगताही येत नाही. मला ही गोष्ट फार आवडायची, कारण तिच्यात तू माझ्या बाजूची राहत होतीस. तुला कधी विचारलं नाही. विचारलं तर तू खरं सांगशील अशी भीती असावी.

शेवटचा फोन तूच केलास. बोलता बोलता म्हणालीस, “पूर्ण खेळलास का रे?”

“नाही.”

“आधी पूर्ण खेळ. मग भांड.”

“कशाला खेळू? पडतच नाही त्यात कुणी.”

तू हसलीस. “हो ना,” म्हणालीस. त्या ‘हो ना’त काहीतरी होतं. मी ते दुःख समजलो. नंतर ताप आला, तुला दाखल केलं, आणि पुढचं मला लिहायचं नाही.

दहाव्याला त्या चष्मेवाल्याने कपिलला आणि आम्हाला बाजूला घेतलं. “आता सांगायला हरकत नाही,” म्हणाला. “कठड्याला मॅडमचा विरोध होता. घाटाचा आत्मा जपायला हवा, असं शेवटपर्यंत म्हणत होत्या.” कपिलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतके दिवस जे मनात धरून बसलो होतो तेच आयतं समोर येत होतं. मला रडू यायला हवं होतं. पण ‘घाटाचा आत्मा’ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. तो आमच्या फोरमवरचा शब्द होता. तू तो उच्चारला असतास तर स्वतःच हसली असतीस. तू ‘रस्ता’ म्हणायचीस. फार तर ‘डावीकडचा उतार’.

आणि त्याच आठवड्यात कंपनीने सहावा भाग जाहीर केला, ‘जुन्या चाहत्यांसाठी’. कठडे काढणार म्हणे. कपिलने लगेच लेख लिहिला. घाटासाठी लढता लढता गेलेली मंगल. तिचं नाव त्या वळणाला द्या. फोरमचा चालक आणि तुझा सगळ्यात जुना मित्र म्हणून तो लेख माझ्या नावाने जावा असं सगळ्यांचं मत पडलं. सगळ्यांचंच भलं होत होतं त्यात. कंपनीला जुने चाहते परत मिळत होते, चाहत्यांना एक देवी मिळत होती, मला माझी गोष्ट मिळत होती. इतकं सगळं एकदम जुळून आलं की मी घाबरतो.

मी मखमलाबादला गेलो. सुनंदावहिनी शेवंतीत पाणी धरत होत्या. मला बघून बांधावर येऊन बसल्या. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, “वहिनी, मंगल कधी त्या गेमबद्दल बोलायची का घरी?”

“बोलायची ना. मी तं खेळले पण.”

“तुम्ही?”

“गेल्या साली न्हेलं होतं तिनं मला पुन्याला. हापिसात सगळ्याच्या घरची मानसं बोलावली होती. मला म्हणली, वहिनी बस. बसले. पयल्याच वळणाला खाली. परत बसले, परत खाली. मागं लोकं हसले. वाईट नाय हसले, पण हसले. मग मी उठले. म्हणलं, मंगलताई, हे आपल्यासाठी नाय.” त्यांनी पदराने हात पुसले. “ताई त्या दिवशी जेवली नाय धड.”

“मग?”

“मग गणपतीत घरी आली तं लय खूश. म्हणली, वहिनी, आता तू पडायची नाय. कठडा घातला मी, सायबाशी भांडून. सायेब नको म्हणत व्हते. म्हणे, जुनी गिऱ्हाईकं बोंब मारतील. ही म्हणली, मारू दे, त्यातला एक तं माझ्या वळखीचाच हाय.”

आणि वहिनी हसल्या, माझ्याकडे बघून.

मंगे, मला इतका राग आला! म्हणजे साहेब आमच्या बाजूचे होते, आणि तू त्यांच्याशी भांडून आमच्या विरोधात कठडा घातलास. तू हरली नव्हतीस, तू जिंकली होतीस. आणि फोनवरचं ते ‘हो ना’ दुःखाचं नव्हतंच, तू माझी मजा घेत होतीस. तू गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं, लोक सांगतील तिथे उभा राहत होतो, सांगतील तेव्हा जेवत होतो. त्या बांधावर पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. फार बरं वाटलं गं. मग मला तिथेच रडू आलं आणि वहिनी पाणी दुसऱ्या सरीत वळवायला उठून गेल्या, मला एकट्याला बसू द्यावं म्हणून.

एक मात्र मला कळलेलं नाही. वहिनींना सांगता आलं, ते मला का नाही? तिथे सही आड आली नाही. माझी गोष्ट मोडू नये म्हणून गप्प राहिलीस, की माझ्याशी वाद घालण्यात आता अर्थ नाही असं वाटलं? पहिलं असेल तर तुझे उपकार आहेत. दुसरं असेल तर ते मला फार लागेल. दोन्ही खरं असू शकतं, आणि तू दोन्हीला नाही म्हटलं असतंस.

मी कपिलचा लेख टाकला नाही. चार ओळी लिहिल्या. कठडा मंगलनेच घातला. तिच्या वहिनीसाठी आणि तिच्यासारख्या, पहिल्या वळणाला उठून जाणाऱ्या सगळ्यांसाठी. मला तो पटलेला नाही, पण तो तिचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपिल कॅफेत आला. बसला नाही.

“किती मिळाले?” म्हणाला.

“कशाचे?”

“काढू म्हणालेली कंपनी आता कठडे काढायचं टाळतेय, आणि नेमका तू लिहितोस की कठडे तिलाच हवे होते. मेलेल्या मुलीला बदनाम करतोस?”

“तिचं काम तिच्या नावावर लावतोय. त्यात बदनामी कसली?”

“ती आपल्यासाठी लढली.”

“ती लढली. आपल्यासाठी नाही.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दसऱ्याला तुझ्याकडे बघितलं होतं. मग निघून गेला. त्याने वेगळा फोरम काढलाय, अर्धेअधिक लोक तिकडे गेलेत. तिथे माझ्याबद्दल काय लिहितात ते मी वाचतो. बरंचसं नीट लिहितात, मी शिकवलेलंच आहे.

काल कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. पाचवा भाग परत घातला आणि पूर्ण खेळलो. काम सुंदर झालंय, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नसतं. कातळाचा ओला रंग, चढावर गाडीचा बदलणारा आवाज, वळणाच्या आधी रस्त्याचा तो किंचित तिरपा कल. हे सगळं तू स्कूटरवर असताना बघत होतीस, आणि मी मागे बसून बडबडत होतो.

पण कठडा चूकच आहे. ऐक. कठड्याला गाडी घासत नेली की ब्रेक दाबावाच लागत नाही. मी मुद्दाम करून बघितलं. ब्रेक न लावता, नुसतं घासत, सगळ्यात कमी वेळात घाट उतरलो. म्हणजे वहिनी पडणार नाहीत हे खरं, पण वहिनी वळायलाही शिकणार नाहीत. तुझ्यासारखं कुणी मागे उभं राहून ‘ब्रेक उशिरा दाबलास’ म्हणू शकणार नाही, कारण उशिरा असं काही उरलेलंच नाही.

आणि मग मला सुचलं. कठडा काढा. पडू द्या. पण ती काळी स्क्रीन नको, तो धप्प आवाज नको, पहिल्यापासून सुरुवात तर मुळीच नको. पडलं की लगेच त्याच वळणाच्या आधी गाडी उभी, मागच्या लोकांना हसायला वेळच मिळू नये इतक्या पटकन. वहिनी परत वळतील, परत पडतील, आणि तिसऱ्यांदा निघून जातील पुढे. दरी राहते, आणि वहिनीही राहतात. इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं भांडून सुचली नाही.

मी फोन उचलला होता. तुझा नंबर लावण्यापर्यंत गेलो होतो.

यात काहीतरी चूक आहे, मला माहीत आहे. तुला ती लगेच दिसली असती आणि तू पहिल्याच वाक्यात काढली असतीस. काल दुपारपासून मी तुझ्या बाजूने विचार करून बघतोय. तुझा आवाज येतो, ‘पश्या’ म्हणालेलं ऐकू येतं, पण पुढचं वाक्य येत नाही. तू काय म्हणशील ते मला कधीच आधी सुचायचं नाही. म्हणूनच तर तुला विचारावं लागायचं.